सबफ्रेम खाली ओढू नका, गाडी वर उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७८ची मिनी, लेस्टरमधल्या घरामागे एकाच गाडीपुरतं गॅरेज. वर्कशॉपवाल्याने रॅम्पवर घेऊन पाहिली आणि 'पुढची सबफ्रेम गेली' एवढंच सांगून मजुरीचा आकडा सांगितला. तो ऐकल्यावर तुम्ही ठरवलंत की आता आपणच करायचं. खड्डा नाही, रॅम्प नाही. दोन ट्रॉली जॅक, चार स्टँड आणि शनिवारी मोकळे असणारे तीन मित्र आहेत. इंजिन काढावं लागेल का, किती दिवस लागतील, आणि गाडी ४० वर्षांवरची असल्याने एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) माफच आहे तर वर्षभर ढकललं तर चालेल का, असे तीन प्रश्न.

शेवटचं आधी, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. नाही चालणार. २०१८च्या मे महिन्यापासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ झाली, पण गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची ठेवायची जबाबदारी माफ झालेली नाही. ज्या लोखंडाला पुढची दोन्ही चाकं टांगलेली आहेत ते गंजलंय हे माहीत असताना गाडी चालवणं म्हणजे स्वतःबरोबर समोरच्यालाही धोक्यात घालणं. मात्र मूळ घडणीचीच सबफ्रेम बसवली तर तो 'मोठा बदल' धरत नाहीत, त्यामुळे ही माफी जाईल अशी भीती नको. उलट काम झाल्यावर स्वतःहून एमओटी करून घ्या. त्रयस्थ डोळा स्वस्तात मिळतो.

आता मुद्द्याकडे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पद्मिनीखाली झोपून हे काम शिकलो. गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, मिनीचा कारखाना जिथे होता त्या लाँगब्रिजपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, जुन्या गाड्यांचंच करतो. पद्मिनीवरून मिनीवर आलो तेव्हा पहिल्या दिवशी डोकं गरगरलं होतं. तिकडे इंजिन उभं, गिअरबॉक्स त्याच्या मागे, मागची चाकं ओढणारी. इकडे इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनच्या खालीच, त्याच तेलात, आणि हे सगळं बिऱ्हाड एका लोखंडी चौकटीवर बसवून ती चौकट बॉडीला अडकवलेली. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली हे केलं आणि २००० सालापर्यंत मूळ मांडणी तीच राहिली. ती चौकट म्हणजेच तुमची सबफ्रेम.

म्हणून माझा पहिला सवाल तुम्हालाच: गेली आहे ती नक्की सबफ्रेमच आहे का? मिनीची मागची सबफ्रेम सडते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुढची त्या मानाने टिकते, आणि त्याचं श्रेय इंजिनला आहे. हे ए-सीरिज इंजिन कुठून ना कुठून तेल गाळतंच. खालची चौकट आयुष्यभर त्या तेलात न्हात असते, मग गंजेल कशी? पुढची सबफ्रेम बदलायला येते ती बहुतेक वेळा कुठेतरी ठोकलेली असते म्हणून, किंवा गाडी वर्षानुवर्षं ओल्या जागेत उभी होती म्हणून. आणि कितीदा तर चौकट ठणठणीत असते. सडलेला असतो तो तिच्या मागच्या टोकाजवळचा फ्लोअरचा पत्रा. रॅम्पखालून टॉर्च मारून बघणाऱ्याला दोन्ही एकाच जागी दिसतात.

तेव्हा एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. गाडी स्टँडवर घेऊन खाली सरका आणि चौकटीवर टकटक करत जा. चांगलं लोखंड 'टण' वाजतं, सडलेलं 'थप'. टाय-बार (खालच्या आर्मला पुढून धरणारी सळी) जिथे चौकटीच्या पुढच्या टोकात शिरतो ती जागा बघा, खालच्या आर्मच्या पिनांची भोकं लांबट झालीत का ते बघा, मागची आडवी पेटी खालच्या बाजूने टोचून बघा. मग तोच स्क्रू ड्रायव्हर बॉडीवर चालवा: मागच्या माउंटिंगच्या आसपासचा फ्लोअर, पाय ठेवतो तिथला उभा पत्रा, आतली विंग. ब्रेक मारल्यावर 'ठक' आवाज येतो, एवढ्याच लक्षणावरून कोणी सबफ्रेम म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. टाय-बारचे बुश किंवा वरच्या टॉवरचे (चौकटीच्या दोन्ही बाजूंना वर येणाऱ्या खांबांचे) रबर गेले की हाच आवाज येतो. १९७६पासून या गाड्यांच्या पुढच्या सबफ्रेमला रबर माउंटिंग आली. त्याआधी चौकट थेट बॉडीवर कसलेली असायची. तुमची १९७८ची, म्हणजे रबरवाली. ती रबरं अजून मूळचीच असतील तर आता त्यांचा खरवस झालेला असेल. ती बदलायला सबफ्रेम काढावी लागत नाही; बॉडी थोडी उचलून जागेवरच होतात.

समजा तपासलंत आणि चौकट खरंच गेली आहे. मग दुसरा सवाल: बॉडीही सडली आहे का? सगळ्या कामाचा क्रम याच उत्तरावर ठरतो. पत्र्याचं वेल्डिंग लागणार असेल तर ते जुनी सबफ्रेम जागेवर कसलेली असतानाच करून घ्यायचं. जुनी चौकट कितीही गंजलेली असली, तरी वाकलेली नसेल तर तिची भोकं अजून मूळ जागी आहेत. तीच तुमचा साचा. आधी चौकट काढून टाकली आणि मग फ्लोअरला ठिगळ लावलं, तर नवी चौकट बसवताना चारपैकी तीन बोल्ट जातात आणि चौथा नऊ मिलिमीटर बाजूला उभा राहून तुमच्याकडे बघत राहतो. नऊ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एका घरी अर्धवट अडकलेलं काम पुरं करायला गेलो होतो, तिथे पट्टी लावून मोजला होता. तो ताजा वेल्ड कापून पुन्हा करावा लागला. वेल्डिंगचा हात नसेल तर एवढ्यापुरता चांगला वेल्डर घरी बोलवा आणि नवी सबफ्रेम त्यानंतरच आणा.

आता इंजिन. सरळ उत्तर: गाडीतून वेगळं काढायची गरज नाही. दोन वाटा आहेत. एक, इंजिन वरून हॉइस्टने उचलायचं आणि मग रिकामी चौकट खाली सोडायची. दुसरी, चौकट इंजिनसकट जमिनीवर ठेवायची आणि बॉडी तिच्यावरून उचलून घ्यायची. छत ठेंगणं असेल किंवा मदतीला कोणीच नसेल तर पहिली. तुमच्याकडे तीन मित्र आहेत. मी दुसरी घेईन. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून साधारण दीडशे किलोचं धूड आहे. ते डोक्यावर लोंबकळण्यापेक्षा जमिनीवर बसलेलं बरं. शिवाय बॉडी उचलेपर्यंत ड्राइव्ह शाफ्टला हात लावावा लागत नाही; ते नंतर, इंजिन चौकटीवरून उचलताना सोडवायचे.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, सबफ्रेम 'उतरवायची' हा शब्दच डोक्यातून काढा. सबफ्रेम जागेवर राहते, गाडी उठून जाते. एकदा असा विचार केला की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आपोआप कळतं: बॉडीकडून चौकटीकडे जाणारी प्रत्येक गोष्ट सोडवायची, बाकी तशीच.

सुरुवात डिकीतून. मिनीची बॅटरी मागे डिकीत असते, आधी तिची अर्थची वायर काढा. मग बोनेट, रेडिएटरचं पाणी, हीटरचे होज, थ्रॉटल आणि चोकच्या केबल, पेट्रोलचा पाइप (तोंडाला बूच मारा, नाहीतर गॅरेजभर वास), वायरिंग, अर्थची पट्टी, इंजिनला वरून धरणारी स्टेडी बार, सायलेन्सरचा पुढचा पाइप. क्लचचं ऑइल काढत बसू नका. स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टवर असतो. तो सोडवून होजसकट तारेने बॉडीला बांधून ठेवा, आणि तोवर क्लच पेडलला कोणी पाय लावणार नाही असं बघा. ब्रेकचे होज मात्र लोखंडी पाइपला जोडलेत तिथे सोडवावेच लागतात. तिथे साधा पाना लावू नका, पाइपसाठी मिळतो तो फ्लेअर पाना वापरा. गिअरची जोडणी तुमच्या सालाला रॉडची आहे. खालून एक रोल-पिन ठोकून काढायची आणि सोबतच्या स्टेडी रॉडचा बोल्ट. शॉक ॲब्सॉर्बर वरच्या बाजूला आतल्या विंगला धरलेले असतात आणि विंग म्हणजे बॉडी, म्हणून खालून आर्मपाशी सोडवा. स्टिअरिंगचा रॅकही बॉडीलाच यू-बोल्टने धरलेला असतो. तो तसाच राहू द्या, फक्त दोन्ही टोकांचे बॉल जॉइंट चाकांकडून सोडवा. हां, रॅक ढिला झाला असेल तर तो बदलायची हीच संधी. एरवी त्यासाठी सबफ्रेम खाली करावी लागते.

आणि स्पीडोमीटरची केबल. हिच्यासाठी वेगळं वाक्य लिहितोय, कारण मी स्वतः विसरलो होतो. चौघांनी मिळून बॉडी उचलत होतो, डावी बाजू छान वर आली, उजवी थोडी मागे राहिली. मी म्हटलं, जोर लावा. लावला. आतून तार ताणल्यासारखा 'टिंग' आवाज आला आणि डॅशबोर्डच्या मधलं गोल घड्याळ दोन बोटं आत गेलं. त्या दिवसापासून माझा नियम असा: बॉडी एक वीत वर आली की थांबायचं, जॅकवर टेकवायची, आणि टॉर्च घेऊन चौकटीभोवती एक पूर्ण फेरी मारायची. काही ताणलेलं दिसलं तर सोडवायचं. जोर लावायचा नाही.

पान्यांबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडची मंडळी इथेच फसतात. या गाडीचे नट-बोल्ट बहुतेक इंचाच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तुमच्या डब्यातला १३चा पाना त्यावर बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या बोल्टवर जोर आला की कोपरे खाऊन टाकतो. इंची सॉकेटचा सेट घ्या, सहा कोनी. आणि काम सुरू करायच्या आठवडाभर आधी, रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर, सगळ्या माउंटिंगच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारत राहा. हे सात दिवस पुढचे दोन दिवस वाचवतात.

चौकट बॉडीला तीन ठिकाणी धरलेली असते, प्रत्येक बाजूला. वर टॉवरपाशी तुमच्या गाडीला एकेक मोठा षटकोनी बोल्ट, त्याखाली लॉकची पत्री; पत्रीचे कान आधी सरळ करा. मागे फ्लोअरपाशी, आणि पुढे खालच्या पॅनलपाशी थेंबाच्या आकाराचं छोटं माउंटिंग. फ्लोअरचे बोल्ट सर्वांत हट्टी, कारण चाकांनी उडवलेलं मिठाचं पाणी चाळीस हिवाळे त्यांच्यावर बसलंय. तुटला तर घाबरू नका, भोक पाडून नवे आटे पाडता येतात. पण आधी तापवून बघा, आणि तापवताना वरचं कार्पेट काढलेलं असू द्या.

उचलण्याची पद्धत अशी. फरशी सपाट हवी; तुमच्या घरासमोरच्या उतारावर हे करायचं नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावा. जाड प्लायला चार चाकं ठोकून एक ठेंगणी गाडी बनवा, हबना जमिनीपासून जागा राहील इतकीच उंच. पुढची चाकं काढा, जॅकने हळूहळू खाली येत चौकट त्या गाडीवर टेकवा, मग बोल्ट सोडवा. फ्लोअरखाली, चौकटीच्या मागच्या माउंटिंगच्या थोडं मागे, एक जाड लाकडी ओंडका आडवा घाला, दोन्ही सिलपर्यंत (दाराखालच्या कडेपर्यंत) पोचेल असा. जॅक त्या ओंडक्याला. एकदा डावीकडे थोडं, एकदा उजवीकडे थोडं, प्रत्येक पायरीला स्टँड खाली सरकवत. पुढचं पॅनल इंजिनवरून निघायला लागतं तेव्हा स्टँडची उंची संपत आलेली असते. त्या शेवटच्या टप्प्याला दोघांनी दोन्ही विंगपाशी बॉडी तोलून धरायची आणि तिसऱ्याने चौकटीखालची ठेंगणी गाडी पुढे ओढून घ्यायची. पुढचं वजन गेल्यावर बॉडी आश्चर्य वाटावं इतकी हलकी होते. पण हलकी झाली म्हणून नुसत्या हातांवर किंवा नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली शिरायचं नाही. चौथा माणूस तुम्ही. तुमचं काम फक्त बघायचं आणि 'थांबा' म्हणायचं.

आता चौकट मोकळ्यावर आली. भाड्याच्या हॉइस्टने इंजिन तिच्यावरून उचलून टायरवर ठेवा. इथून पुढे घाई करू नका, कारण सस्पेन्शन नव्या चौकटीवर हलवताना रबर कोनशी गाठ आहे. मिनीत लोखंडी स्प्रिंगच्या जागी ॲलेक्स मोल्टन यांचे रबराचे कोन असतात, टॉवरच्या आत बसवलेले. (मधल्या काही वर्षांच्या गाड्यांत पाण्यासारख्या द्रवाचं हायड्रोलॅस्टिक आहे, त्याचा दाब आधी उतरवावा लागतो. १९७८च्या गाडीला ती भानगड नाही.) जुने, बसलेले कोन कधी कधी पहारीने किंचित दाबले की सुटतात. नवे कोन बसवताना ते दाबायचं खास हत्यार लागतंच. त्याच्या स्क्रूचे आटे जुन्या कोनांना इंचाचे आणि नंतरच्यांना मेट्रिक, तेव्हा आपला कोन कोणता ते बघून हत्यार घ्या. चुकीचे आटे दोन वेढे जातात आणि दाब आला की निसटतात. निसटलेला स्क्रू कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. नवे कोन बसवले तर गाडी सुरुवातीला उंच दिसेल, रबर बसत जाईल तशी खाली येईल. उंच दिसते म्हणून लगेच काही कापाकापी करू नका.

वरच्या आर्मचा शाफ्ट काढलाच आहे तर बोटाने चाचपून बघा. बेअरिंगच्या जागी खोबण लागली तर शाफ्ट आणि बेअरिंग आत्ताच बदला. नकल जॉइंट (रबर कोनचा भार आर्मवर देणारी गोळी-वाटी), टाय-बारचे बुश, बॉल जॉइंट हेही आत्ताच. पुन्हा इथवर यायला तुम्ही राजी होणार नाही.

नव्या चौकटीबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: तिला काहीही लावायच्या आधी, नागडीच, बॉडीखाली नेऊन एकदा बसवून बघा. सगळे बोल्ट हाताने फिरतात का? बाहेरच्या बनावटीच्या चौकटी दिसायला सुंदर असतात, पण आट्यांत रंग भरलेला असतो आणि एखादं भोक सरकलेलं असतं. रिकामी चौकट एकटा माणूस खालीवर करू शकतो. इंजिन चढवल्यावर हेच कळलं तर आख्खा शनिवार गेला. वापरलेली चौकट घेणार असाल तर कर्ण मोजा, दोन्ही सारखे हवेत, आणि ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डची रेघ आहे का ते नखाने बघा. ती रबर माउंटिंगवाल्या सालाचीच आहे ना हेही विचारा. १९७६च्या आधीच्या चौकटीचं वरचं बोल्टिंग वेगळं आहे. नवी असली तरी पेट्यांच्या आतून मेणाचं कोटिंग मारा. बाहेरचा रंग सगळेच मारतात, गंज आतून येतो.

रबर काढून घट्ट धातूची माउंटिंग घालावीत का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. स्टिअरिंग चोख होतं हे खरं. पण मोटरवेवर गिअरबॉक्सचं रडणं थेट कानात येतं. मी माझ्या गाडीला घातली होती, दीड वर्षाने काढली. बायकोने गाडीत बसायचं सोडलं होतं.

बसवताना सगळा प्रवास उलटा. सगळे बोल्ट आधी ढिले अडकवा, एकही कसू नका. सगळे जागेवर आले की मग मागून पुढे कसत या. खालच्या आर्मचे आणि टाय-बारचे बुश मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे कसायचे, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर सोडण्याआधी दोन्ही बाजूंचा नकल जॉइंट आपल्या वाटीत बसलाय का ते बोटाने बघा. शॉक ॲब्सॉर्बर सुटलेला असतो तेव्हा आर्म गरजेपेक्षा खाली लोंबतो आणि गोळी वाटीतून निसटते. माझ्याकडे एकदा गाडी खाली घेतली तर डावीकडचा मडगार्ड सरळ टायरवर येऊन बसला. पाच मिनिटांचं काम, पण तोपर्यंत मालकाचा चेहरा पांढराफटक.

मग ब्रेकची हवा काढा, आणि चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. मिनीच्या पुढच्या चाकांना किंचित बाहेरचं तोंड लागतं, एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. आजकालचं मशीन चालवणारा पोरगा सवयीने आतलं तोंड लावून देईल. त्याला आधीच सांगा.

दिवसांचं म्हणाल तर माझ्या वर्कशॉपमध्ये, रॅम्पवर, मला तीन दिवस लागतात. तुम्हाला पहिल्या वेळी चार शनिवार-रविवार धरा, वेल्डिंग निघालं तर त्याचे वेगळे. हॉइस्ट आठवड्याच्या भाड्याने मिळतो, आणि तो तुम्हाला दोनदा लागणार आहे: इंजिन उतरवताना आणि चढवताना. मधले सुटे भाग हातात आल्याशिवाय तो आणूच नका, म्हणजे एकाच आठवड्यात दोन्ही होईल. आणि जुनी चौकट भंगारात द्यायची घाई करू नका. नवी बसून, गाडी शंभर मैल फिरून, सगळे माउंटिंग बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासून होईपर्यंत ती भिंतीला टेकवून ठेवा. कुठला कंस कुठल्या भोकाला होता हे विचारायला तिच्याशिवाय कोणी नसतं.